गाडी बंद पडत होती

आमच्या घरात नाना आणि जिजी एकमेकांशी बोलत नाहीत. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत बोलतात.

लग्न होऊन मी शहाद्याजवळ लोणखेड्याला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी जिजींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चहाची कपबशी माझ्या हातात दिली. नाना समोरच खुर्चीत बसलेले. त्यांच्याकडे न बघता जिजी म्हणाल्या, "सांग तुन्हा सासरासले, चहा थंडा व्हई ऱ्हायना." नानांनी ऐकलं होतं. तरी ते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी म्हटलं, "नाना, चहा थंड होतोय." तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केला. मला हसू आलं. नवी नवरी हसली म्हणून कुणी रागावलं नाही, पण माझ्यासोबत कुणी हसलंही नाही.

पुढे उलगडत गेलं. त्या दोघांच्या मधे मी नव्हते, एक मुलगी होती. प्रमिला. माझ्या नवऱ्याची, नवनीतची, मोठी बहीण. नवनीत पाळण्यात होता तेव्हा ती गेली. घरात तिचा फोटो नाही, फ्रॉक नाही, पाटी नाही. तिच्या नावाचं एकच काहीतरी घरात उरलं आहे, आणि ते मागच्या पडवीत गोणपाटाखाली उभं असतं. नानांची फटफटी. जुनी, काळी, टू-स्ट्रोक. कंपनीचं नाव टाकीवरून कधीच पुसलं गेलं.

नाना तेव्हा सातपुड्यातल्या धडगावच्या वरच्या एका पाड्यावर शाळेत गुरुजी होते. बिऱ्हाड धडगावात, भाड्याच्या एका खोलीत. शाळेला जायला-यायला ही फटफटी. दसरा होऊन गेला होता. प्रमिलाला ताप भरला आणि एका सकाळी तो डोक्यात गेला. पोर आईला ओळखेना. दवाखान्यातून सांगितलं, नंदुरबारला हलवा. जिजींनी पाड्याकडे निघालेल्या एका माणसाबरोबर निरोप धाडला. निरोप पोचला. नानांनी पोरांना सुट्टी दिली, गाडीला किक मारली आणि निघाले. इथवर दोघांची गोष्ट एकच आहे. इथून पुढे ती फाटते.

जिजींच्या गोष्टीत तो रस्ता तासाभराचा. दुपारी शहाद्याकडे उतरणारी जीप त्यांच्या दाराशी थांबली होती. ड्रायव्हर म्हणाला, "बसा, माय." पण निरोप गेला होता, गाडी निघाली असणार, आणि बाप आल्याशिवाय पोरीला हलवायचं कसं? जिजी म्हणाल्या, "हे येतीलच आता." जीप गेली. नाना आले ते दिवेलागणीला. मग दुसरी जीप शोधली, आणि घाट उतरता उतरता जिजींच्या मांडीवरच पोर शांत झाली.

नानांच्या गोष्टीत एकच वाक्य आहे. "गाडी बंद पडत होती."

त्यानंतर ती गाडी कितीतरी मिस्त्रींना दाखवून झाली. प्रत्येकाने किक मारली, चक्कर मारून आणली आणि सांगितलं, गाडीत काही दोष नाही. प्रत्येक वेळी जिजींनी ते ऐकलं. वाटेवर एका दुसऱ्या शाळेत मास्तर लोकांचा पत्त्यांचा अड्डा होता म्हणतात. जिजींनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त बोलणं थांबवलं, जसा एखादा झरा थांबतो, आणि मग तिथे कुणी घागर घेऊन जात नाही.

त्यांचं बोलणं गेलं पण गाणं राहिलं. हिवाळ्यात अंगणभर लाल मिरची वाळत पडते. नाकाला फडकं बांधून त्या देठं खुडत बसतात आणि फडक्याच्या आतून काहीतरी गुणगुणतात. एकदा मी दाराआड थांबून ऐकलं.

*घाट उतरनी लेक, मायनी मांडीवर निजेल,*
*मायना पदरना शेव, तिन्हा घामघाई भिजेल.*

लेकीच्या घामाने भिजलेला आईचा पदर. मला वाटलं पुढे काही असेल. पुढे काही नव्हतं. त्या दोनच ओळी, पुन्हा पुन्हा.

या वर्षी दिवाळीनंतर नानांच्या छातीत दुखलं. शहाद्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, किक मारायची नाही, जोर करायचा नाही. घरी आल्यावर नानांनी मला पडवीत बोलावलं. गोणपाट बाजूला करून ते गाडीपाशी स्टुलावर बसले होते. नाना दोन भाषा बोलतात. मनातलं बोलायचं असलं की अहिराणी, आणि बाजू मांडायची असली की वर्गात बोलत तशी पुस्तकी मराठी.

"दीपमाला," ते पुस्तकीत म्हणाले, "ही गाडी बंद पडते. मी खोटं बोललेलो नाही. मला एवढंच हवं आहे की मी जाण्याआधी ती दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांदेखत बंद पडावी. आणि का पडते ते कळावं. त्यानंतर भंगारात घाला."

"नाना, आता कुणाला सिद्ध करून दाखवायचंय?"

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. तिथून मिरचीचा वास येत होता.

नवनीतला हे पटलं नाही. तो लहानपणापासून आईच्या बाजूचा. नंदुरबारला नोकरीला निघता निघता बूट घालत म्हणाला, "विकून टाका म्हणाव. नाही त्या गोष्टी उकरायच्या कशाला?" पण त्याने अडवलं नाही.

कॉलेजच्या फाट्यावर धनसिंगचं गॅरेज आहे. धनसिंग धडगावकडचा पावरा आदिवासी. बायकोशी फोनवर पावरीत भांडतो, गिऱ्हाइकांशी अहिराणीत थट्टा करतो आणि कॉलेजच्या पोरांच्या गाड्यांचे सायलेन्सर कापून त्यांचा आवाज वाढवून देतो. तोंडाने भारी. म्हातारी गाडी बघून तो खूश झाला. "गुरुजी, दोन दिवसमा हिले नवरी करी देस," म्हणाला.

दोन दिवसांत त्याने प्लग बदलला. गाडी चालली. नाना म्हणाले, "आत्ता चालेल. दूर गेलं की पडते." मग धनसिंगने मॅग्नेटचं झाकण काढून पॉइंट घासले. मग म्हणाला, कंडेन्सर गेलेला असेल, गरम झालं की दगा देतो. कंडेन्सर बदलला. मग कॉइलवर संशय घेतला. टाकी काढून बाजूला ठेवली, सलाइनसारखी पेट्रोलची बाटली वर टांगली आणि त्या बाटलीवर इंजिन अर्धा दिवस चालवून पाहिलं. एकदाही ठसकलं नाही.

"पडते तरी कधी जास्त?" त्याने विचारलं.

"थंडीत."

"मग ओल धरत असेल करंटमध्ये." त्याने सगळ्या वायरी उपसून नव्या टाकल्या. गाडी घेऊन तो रोज आमच्या दारावरून चक्कर मारायचा. निघताना आधी टाकीचं झाकण उघडून आत डोकवायचा, गाडी डुलवून पेट्रोल खळखळतंय का बघायचा, मग किक. ही त्याचीच नाही, सगळ्याच मिस्त्रींची सवय. परत येऊन हात झटकायचा. "काय बी नही."

जिजी देठं खुडता खुडता म्हणाल्या, "सांग त्यासले, गाडीले बी लाज शे. चार लोकेसमोर ती खोटं नही बोलस."

मी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. नाना चार पावलांवर होते.

धनसिंगने वातावरण हलकं करायला म्हटलं, "गुरुजी, हाई गाडी जावईसारखी शे. आपला घर बोंबलस, सासरवाडीले उनी का गुणनी व्हई जास." कुणी हसलं नाही. त्याने डोकं खाजवलं आणि पहिल्यांदा जरा गंभीर झाला. "अशी घराभोवती फिरवून नाही समजणार. डॉक्टरला तरी ताप दिसाले पाहिजे ना. उद्या घाटापर्यंत नेऊ. पडली तर पडली."

"मी मागे बसणार," नाना म्हणाले.

"नाना, डॉक्टर..."

"किक मारायची नाही असं सांगितलंय. बसायचं नाही असं नाही सांगितलं."

सकाळी थंडी होती. नानांनी कानाला मफलर गुंडाळला. आदल्या संध्याकाळीच त्यांनी पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरवून घेतली होती, त्यामुळे धनसिंगने झाकण उघडून पाहिलं नाही. पुढे ते दोघं, मागे मी माझ्या स्कूटीवर, नानांच्या गोळ्या पर्समध्ये घेऊन. दोन्ही बाजूंना ऊस आणि पपईचे मळे. उत्तरेला सातपुडा धुरकट, एकावर एक घड्या घालून ठेवलेल्या घोंगड्यांसारखा. फटफटीचा निळा धूर माझ्या तोंडावर येत होता आणि तिचा आवाज एकसारखा होता. मला नानांची कीव आली. ही आजही पडणार नाही, मी मनात म्हटलं.

चढ लागायच्या जरा अलीकडे आवाज फाटला. एक आचका, दुसरा आचका, मग इंजिन गप्प. गाडी तेवढ्याच वेगात थोडी पुढे घरंगळली आणि उभी राहिली.

रस्त्यावर कुणी नव्हतं. इतकी शांतता झाली की उसाची पानं एकमेकांना घासताना ऐकू आली.

नाना उतरले. त्यांचा चेहरा मी असा कधीच पाहिला नव्हता, नातू झाला तेव्हासुद्धा नाही. "पडली," ते म्हणाले. "दीपमाला, पाहिलंस ना? तू पाहिलंस. पडली."

"पाहिलं, नाना."

धनसिंग तोवर मांडी घालून रस्त्यावरच बसला होता. त्याने प्लग काढला, इंजिनाला टेकवला आणि हाताने किक दाबली. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी तडतडली. "करंट तर झकास शे," तो स्वतःशी म्हणाला. मग प्लगचं टोक बोटाने पुसून बोट बघितलं. कोरडं. "पेट्रोलच नही येत." त्याने कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल केला. दोन थेंब पडले. तिसरा लोंबकळत राहिला.

"टाकी भरलेली आहे," नाना म्हणाले.

"तेच तं." त्याने टाकीवर टिचकी मारली, आवाज भरलेल्या घागरीचा आला. तो उठला, टाकीच्या झाकणाला कडेने दोन बोटांनी धरलं आणि फिरवलं.

टाकीने श्वास घेतला. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. डोहात बुडी मारलेलं पोर वर येऊन जसा मोठा श्वास ओढतं, तसा आवाज. आणि खाली कार्बोरेटरमधून पेट्रोलची धार लागली.

धनसिंगने धारेकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं. झाकण पुन्हा घट्ट लावलं, स्क्रू आवळला, प्लग बसवला, गाडी सुरू केली आणि एकटाच पुढे गेला. दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने गाडी ढकलत येताना दिसला. "परत पडनी," तो लांबूनच म्हणाला. त्याने आमच्यासमोर झाकण सैल केलं, तसाच श्वास आला, आणि एका किकमध्ये गाडी सुरू झाली.

"गुरुजी, टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला. हवा नाही आली तर पेट्रोल अडकतं. तुमचं भोक बंद आहे. आणि आम्ही साले सगळे मिस्त्री आधी झाकण उघडून पाहतो, हवा भरून टाकतो, मग म्हणतो गाडीत दोष नाही." तो हसला, स्वतःवरच. मग झाकण तळहातावर घेऊन त्याने वरची बाजू पाहिली, आणि त्याचं हसू आटलं.

झाकणाची वरची बाजू दिसतच नव्हती. तिथे शेंदूर होता. तेलात कालवून थापलेला, वाळलेला, त्यावर पुन्हा थापलेला. वर्षानुवर्षांचे थर, पुरीएवढे जाड. वरचा थर या दसऱ्याचा, अजून चमकणारा.

जिजींच्या माहेरची रीत आहे ती. दसऱ्याला वाट चालणाऱ्या घरच्या प्रत्येक वाहनाच्या माथ्यावर शेंदूर लावायचा. हळद-कुंकू नाही, शेंदूर, आणि तोही तेलात, म्हणजे टिकतो. तो पुसायचा नाही, धुवायचा नाही; आपोआप गळून पडेल तेव्हा पडेल. त्यांच्या माहेरी बैलगाडीच्या जुवावर लावत. फटफटीचा माथा कुठला, हे जिजींनीच पहिल्या दसऱ्याला ठरवलं होतं. टाकीचं झाकण. सगळ्यात उंच, गोल, कपाळासारखं. नानांशी बोलणं बंद झालं तरी तो शेंदूर एकही दसरा चुकला नाही. गाडीशी त्यांचं वैर नव्हतं. वाटेशीही नव्हतं.

म्हणून प्रत्येक मिस्त्रीने झाकण कडेने धरलं होतं. धनसिंगनेसुद्धा. देवाचं लावलेलं कोण खरडणार?

"दसरा झाला की नवा थर," धनसिंग हळू आवाजात हिशोब जुळवत होता. "थंडीभर पक्कं बंद. उन्हाळ्यात तेल सुटतं, थर तडकतो, थोडी हवा शिरते. गुरुजी, तुम्ही गाडी मिस्त्रीला कधी दाखवायचे?"

"मे महिन्यात," नाना म्हणाले. "सुट्टीत."

"मग झालं."

धनसिंगने झाकणाला आधी हात जोडले. माझ्याकडे पिन मागितली. मी पदराची काढून दिली. त्याने मधोमध तेवढाच, तिळाएवढा शेंदूर टोकरला आणि पिन आत घातली. पिन अडली, मग सरकली. त्याने फुंकर मारली. पलीकडून हवा आली.

नाना पिनकडे बघत होते. "म्हणजे तिनं..." ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते हे गिळतील. म्हातारा माणूस, इतकी वर्षं गेलेली, आणि असं सत्य. मला वाटलं ते म्हणतील, घरी काही सांगू नको. पण परत निघताना त्यांनी माझ्या स्कूटीच्या हँडलवर हात ठेवला. डोळ्यांत काहीतरी धारदार होतं.

"आता तू तिला सांगायचं. सगळं. जसं पाहिलंस तसं."

"नाना, हे कसं सांगू?"

"चहा थंड होतोय हे सांगतेस तसं."

"हे माझ्या तोंडून जाणार नाही, नाना."

"माझी उभी हयात गेली," ते पुस्तकी मराठीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाले. "तिने मला आयुष्यभर खोटारडा ठरवलं. माझ्या मुलाने तेच शिकून घेतलं. आणि गाडी कुणी बंद पाडली? मला गप्प बसायला सांगू नकोस."

परतीच्या वाटेवर फटफटी एकदाही ठसकली नाही. नाना मागे ताठ बसले होते, मिरवणुकीत बसल्यासारखे.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. जिजी अंगणात मिरचीच्या ढिगापाशी, नाकाला फडकं. धनसिंगने गाडी अंगणात आणली, मोठ्या स्टँडवर लावली, रेस थोडी वाढवून ठेवली. "ऱ्हाऊ द्या चालू," तो उगाच कुणालातरी सांगावं म्हणून म्हणाला. "पार खातरी व्हई जाऊ दे." खरं तर त्याला निघायचं होतं, पण गाडी चालू ठेवून जाता येईना.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग हिला."

मी खाली बघितलं.

"सांग."

जिजींचे हात देठांवर चालूच होते. मग नाना स्वतः दोन पावलं पुढे गेले आणि त्यांनी हाक मारली. लग्न झाल्यापासून मी ती हाक ऐकली नव्हती. ती कुणीच ऐकली नसेल, पोर गेल्यापासून.

"परमिलानी माय."

जिजींचे हात थांबले.

नानांनी सगळं सांगितलं. वर्गात सांगावं तसं, क्रमाने. भोक, हवा, पेट्रोल. थंडी, उन्हाळा. तेल, थर. मिस्त्री झाकण का उघडतात. गाडी घाटापाशी कशी पडली, सुनेने कशी पाहिली. शेवटी झाकणाकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझा शेंदूर. गाडी खरंच बंद पडत होती, आणि तुझ्या शेंदराने पडत होती."

जिजींनी नाकावरचं फडकं काढलं. त्या उठून गाडीपाशी गेल्या. झाकणाकडे, मधल्या तिळाएवढ्या खळग्याकडे पाहिलं. हात लावला नाही. बोटांना मिरची होती.

"भाऊ," त्यांनी धनसिंगला विचारलं, "मन्हा शेंदूरघाई?"

"माय, धूळ बी रास, गंज बी रास, जुनी गाडी..."

"मन्हा शेंदूरघाई का नही?"

धनसिंगने मान खाली घातली. "व्हय, माय."

मी त्यांना धरायला पुढे झाले. त्या पडल्या नाहीत. त्यांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. गाडी चालूच होती. तिचा धूर आणि मिरचीचा खकाणा एकत्र होऊन आम्हा सगळ्यांच्या घशाला लागत होता. नाना छाती वर काढून उभे होते. त्यांनी हे किती वेळा मनात उभं केलं असेल, हे अंगण, ही गाडी, ही बाई.

"आनि भाऊ," जिजींनी विचारलं, "आशी बंद पडनी म्हंजे परत चालू व्हवाले कितला येळ लागस?"

धनसिंगला प्रश्नाची धार कळली नाही. उलट बरं वाटलं, काहीतरी साधं विचारलं म्हणून. "काही नही, माय. झाकण उघडं तं लगेच. आनि नही उघडं तरी थोडी थोडी हवा शिरस. चहा पिई व्हवामा चालू."

"चहा पिई व्हवामा," जिजी म्हणाल्या.

मग त्या वळल्या. माझ्याकडे नाही. माझ्यावरून, सरळ नानांकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधे मी उरले नाही.

"मंग?"

नानांनी गाडीकडे पाहिलं.

"मी दुपारनी जीप जाऊ दिन्ही. दिवा लागना तवय तुम्ही उनात. गाडी चहा पिई व्हवामा चालू व्हस. मंग बाकीना येळ कोठे व्हतात? पत्ता खेयी ऱ्हायंतात?"

"नाही," नाना म्हणाले. "पत्ते कधीच नाही. ते तू..." आणि पुस्तकी मराठी तिथेच तुटली. ते ओट्याच्या कडेला बसले. एका हाताने मफलर सोडवू लागले, तो सुटेना.

"दोनदा पडनी," ते म्हणाले. आवाज लहान झाला होता. "वाटमा. खरंच पडनी. देवनी आन."

"मंग?"

"मंग चालू व्हई. धडगावना अलीकडनं वळण उनं. तठेन घरना पत्रा दिखतस. तठे ती पडनी नही." त्यांनी श्वास घेतला. "तठे मीच बंद करी."

धनसिंग अंगणाच्या फाटकाकडे सरकला आणि बाहेर निघून गेला. हत्यारांची पिशवी तशीच राहिली.

"काबर?" जिजींनी विचारलं.

"निरोप्यानी सांगं व्हतं, पोर वळखत नही. मी तठे बठनू. झाडखाल. उठाले व्हयेना. मले वाटनं..." हातात मफलरचं टोक. "मले वाटनं, जोवर मी घर पोचत नही, तोवर ती जित्ती शे."

मला त्या क्षणी कळलं की नाना इतकी वर्षं मिस्त्री का शोधत होते. गाडीचा दोष इतका मोठा निघायला हवा होता की त्याच्या सावलीत ते झाडाखालचं बसणंही झाकलं जावं. आणि दोष निघाला होता. पण तो चहा पिऊन होईस्तोवर पुरणारा होता.

मला वाटलं जिजी ओरडतील. बरं झालं असतं ओरडल्या असत्या तर.

"ती जित्तीच व्हती," त्या म्हणाल्या. "दिवा लागेस्तोवर जित्ती व्हती. तुम्हनी वाट देखी ऱ्हायंती."

नानांचं डोकं खाली गेलं. जिजी तशाच उभ्या. त्यांनी आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले, मिरचीने लाल, आणि पदराला पुसले. पुसत राहिल्या, शेंदूर पुसावा तसं, जो त्या हातांवर नव्हता.

गाडी चालत होती. एकसारखी, निरोगी, एकही आचका नाही. अंगणातला धूर दाट झाला. मला खोकला आला. नाना हळूच उठले, गाडीपाशी गेले, आणि त्यांचा हात चावीकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या," जिजी म्हणाल्या. "आते नका बंद करू."

नानांचा हात तिथेच थांबला. मग खाली आला.

जिजी पुन्हा मिरचीपाशी बसल्या आणि देठं खुडू लागल्या. फडकं त्यांनी बांधलं नाही. नाना गाडीला टेकून उभे राहिले, तिच्या थरथरीने तेही थरथरत होते. ऊन ओट्यावर चढलं, ओट्यावरून भिंतीवर गेलं. दोघंही ती बंद पडायची वाट बघत होते, आणि ती बंद पडत नव्हती.